कोंबड्यांच्या पायाखालचे भांडवल

मुंबई-गोवा महामार्गावरून खेड ओलांडून चिपळूणकडे निघाले, की परशुराम घाट उतरण्यापूर्वी लोटे लागते. तेथील औद्योगिक वसाहतीमुळे या गावाचे नाव रासायनिक कारखान्यांशी कायमचे जोडले गेले आहे. वसाहतीतील सांडपाणी, दाभोळ खाडीतील मासळी आणि खाडीकाठच्या मच्छीमारांची गाऱ्हाणी यांविषयी वृत्तपत्रांतून पुष्कळ लिहिले गेले. ते लिहिले जाणे आवश्यकच होते. परंतु याच परिसरातील वाड्यावस्त्यांत आणखी एका प्रकारचा रासायनिक उद्योग अहोरात्र चालू असतो आणि त्याची दखल सहसा कोणी घेत नाही. त्याला धुराडे नाही, भोंगा नाही, पाळ्या नाहीत. कुक्कुटपालनगृहात कोंबड्यांच्या पायाखाली पसरलेली भाताच्या तुसाची गादी हाच तो कारखाना होय. जिवाणू आणि बुरशी हे त्यातील कामगार, कोंबडीची विष्ठा हा कच्चा माल. पक्का माल मात्र दोन प्रकारचा निघतो: व्यवस्था चांगली असेल तर उत्तम खत, आणि नसेल तर डोळे जाळणारा अमोनिया वायू.

प्रस्तुत लेखक अर्थशास्त्राचा अध्यापक आहे; सूक्ष्मजीवशास्त्र हा त्याचा प्रांत नव्हे. या विषयाकडे लक्ष गेले ते एका विद्यार्थ्यामुळे. त्याच्या वडिलांनी बँकेचे कर्ज काढून लोट्याजवळच्या वाडीत पाच हजार पक्ष्यांचे घर बांधले आहे. पावसाळ्यातील बॅचमध्ये पक्ष्यांचे वजन भरले नाही, मरतूक वाढली, आणि हाती पडलेल्या रकमेतून वीजबिल भागवून हप्त्यापुरतेही उरले नाही. पुढल्या वर्षी पावसाळ्यात बॅच घ्यावी की घर रिकामे ठेवावे, असा प्रश्न त्याने वर्गात विचारला. स्थिर खर्च आणि बदलता खर्च यांचे पाठ्यपुस्तकी उत्तर देऊन मी मोकळा होऊ शकलो असतो. त्याऐवजी एका रविवारी त्याच्या घरी गेलो. आत शिरून दोन मिनिटे झाली नाहीत, तोच डोळे चुरचुरू लागले. त्याचे वडील हसून म्हणाले, "सर, तुम्ही नवीन आहात म्हणून. आम्हाला आता वास येतच नाही."

हे वाक्य या लेखाचे मूळ आहे.

गादीत काय घडते?

कोकणातील जुन्या गोठ्यांत गुरांच्या पायाखाली पातेरा पसरण्याची रीत होती. शेण-मुताने भिजलेला तो पातेरा पुढे उकिरड्यात कुजे आणि शेतात जाई. कुक्कुटपालनातील 'गादी पद्धत' ही तत्त्वतः तीच रीत आहे. जमिनीवर दोन-तीन इंच जाडीचे तूस पसरावयाचे, त्यावर पिल्ले सोडावयाची आणि सुमारे सहा आठवड्यांनी पक्षी विक्रीस गेल्यावर ती गादी खत म्हणून काढावयाची.

कोंबडी मूत्र वेगळे टाकत नाही. शरीराला नको असलेला नायट्रोजन ती यूरिक आम्लाच्या रूपाने विष्ठेबरोबरच बाहेर टाकते. विष्ठेवरील पांढरा थर तो हाच. गादीतील जिवाणू या आम्लाचे टप्प्याटप्प्याने विघटन करतात. मधल्या टप्प्यावर त्याचा युरिया होतो आणि अखेरीस युरियापासून अमोनिया निर्माण होतो. येथवर बिघडले काहीच नाही, कारण गादी किंचित आम्लधर्मी असेपर्यंत हा अमोनिया क्षाराच्या रूपाने तिच्यातच बांधलेला राहतो. परंतु अमोनिया स्वतः अल्कधर्मी आहे. तो साठत गेला म्हणजे गादीचा सामू, म्हणजे आम्लता-अल्कता मोजण्याचे माप, सात ओलांडून आठाच्या पुढे जातो. मग अल्कता आणि उष्णता यांच्या जोरावर तोच अमोनिया वायू होऊन उडू लागतो. अल्कता वाढली की यूरिक आम्ल फोडणारे जिवाणूही अधिक जोमाने काम करतात. अशा रीतीने हे चक्र स्वतःच स्वतःला वेग देत राहते.

या चक्राची किल्ली ओलाव्यात आहे. गादीत पाण्याचे प्रमाण शेकडा २० ते २५ असावे, असा सर्वसाधारण दंडक आहे. जाणकार मुठीने परीक्षा करतात. मूठभर गादी दाबून मूठ उघडावी. ती हलकेच सुटी झाली तर ठीक, गोळा तसाच राहिला तर ओली, आणि मुळीच न चिकटता धूळ उडाली तर फार कोरडी. ओलावा तिसाच्या पलीकडे गेला, की पाण्याच्या भांड्यांखाली गादीच्या खपल्या धरू लागतात. त्यांच्या खाली हवा पोचत नाही, पक्ष्यांच्या तळव्यांना जखमा होतात, आणि रक्ती हगवणीच्या परजीवीला पोषक असे ऊबदार ओले अंथरूण तयार होते.

आता कोकणाचा विचार करावा. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक सगळा चार महिन्यांत. वाऱ्यापावसाचा मारा चुकवण्यासाठी घराच्या जाळ्यांवर पडदे सोडावे लागतात. पडदे सोडले की आतील दमट हवा आतच कोंडते. भाताचे तूस येथे मुबलक मिळते हे खरे. परंतु त्यात सिलिका पुष्कळ असल्यामुळे ते पाणी फारसे शोषत नाही आणि लवकर कुजतही नाही. घाटावरील कोरड्या हवेत जी पद्धत सहज चालते, तीच कोकणात आषाढ-श्रावणात परीक्षेला बसते.

हवेच्या दहा लाख भागांत अमोनियाचे प्रमाण २५ भागांच्या वर जाऊ नये, असे कुक्कुटपालनशास्त्र सांगते. प्रमाण त्याहून वाढत गेले, की श्वासनलिकेतील धूळ व जंतू बाहेर लोटणारे सूक्ष्म केस निकामी होऊ लागतात, डोळे सुजतात, भूक मंदावते, आणि राणीखेतसारख्या रोगांना पक्षी लवकर बळी पडतात. माणसाच्या नाकाची गोष्ट अशी, की सतत सहवासाने त्याची या वासाची जाणीव बोथट होते. ज्या माणसाने धोका सर्वांआधी ओळखावयाचा, त्यालाच तो ओळखता येत नाही.

तथापि या सूक्ष्मजीवांना केवळ उपद्रवी ठरवणे अन्यायाचे होईल. अमेरिकेतील ओहायो येथील संशोधकांना १९४० च्या दशकात असे आढळले होते, की जुन्या, मुरलेल्या गादीवर वाढलेल्या कोंबड्या खाद्यात प्राणिज प्रथिने नसतानाही चांगल्या पोसल्या जातात. १९४८ साली 'ब-१२' जीवनसत्त्व वेगळे करण्यात आले, तेव्हा या कोड्याचा उलगडा झाला. गादीतील सूक्ष्मजीव हे जीवनसत्त्व तयार करतात आणि गादी टिपताना कोंबडीला ते मिळते. सारांश, हा कामगारवर्ग कामसू आहे. त्याच्याकडून काय करून घ्यावयाचे, हा व्यवस्थापनाचा प्रश्न आहे.

बारा गोण्यांचा हिशेब

आता अर्थशास्त्राकडे वळू. दोन किलोची कोंबडी होण्यास सुमारे ३.४ किलो खाद्य लागते असे धरू. त्यात शेकडा २० प्रथिने असतात आणि प्रथिनांत शेकडा १६ नायट्रोजन असतो. म्हणजे एका पक्ष्याच्या पोटात सुमारे १०९ ग्रॅम नायट्रोजन जातो. वाढलेल्या शरीरात त्यातील सुमारे ६० ग्रॅम राहतो. उरलेला ५० ग्रॅमच्या आसपास गादीत पडतो. पाच हजार पक्ष्यांच्या एका बॅचमागे हा आकडा २५० किलो होतो. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत २०.७ किलो नायट्रोजन असतो. तेव्हा एका बॅचच्या गादीत युरियाच्या बारा गोण्यांइतका आणि वर्षाला पाच बॅचा धरल्यास साठ गोण्यांइतका नायट्रोजन पडतो. त्यातील एक तृतीयांश जरी वाऱ्यावर गेला असे मानले, तरी वीस गोण्या उडाल्या.

बाजारात या वीस गोण्यांची किंमत काय? युरियाच्या गोणीची सरकारने ठरवलेली मूळ विक्रीकिंमत २४२ रुपये. म्हणजे सारा तोटा पाच हजारांच्या आत! एवढ्या रकमेसाठी कोणता शेतकरी रोज फावडे घेऊन गादी उलटीपालटी करील, वरचेवर नवे तूस घालील, गळकी भांडी दुरुस्त करील? त्याचे दुर्लक्ष अज्ञानातून आलेले नाही. किमतीने त्याला तसे शिकवले आहे.

परंतु ही किंमत खोटी आहे. याच कोकणात, अलिबागजवळ थळ येथे, राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सच्या कारखान्यात नैसर्गिक वायूपासून अमोनिया आणि त्यापासून युरिया तयार होतो. त्यासाठी प्रचंड दाब, उच्च तापमान आणि मौल्यवान इंधन खर्ची पडते. गोणीची विक्रीकिंमत अत्यल्प राहते, कारण खऱ्या खर्चाचा मोठा भाग अनुदानरूपाने सरकार, म्हणजे करदाता, सोसतो. एका टोकाला आपण सरकारी पैसा ओतून अमोनिया बनवतो आणि दुसऱ्या टोकाला आयता तयार झालेला अमोनिया कोंबड्यांच्या आणि माणसांच्या फुप्फुसांतून वाया घालवतो. स्वस्त युरियाने गादीतील नायट्रोजनाला कवडीमोल केले, हा या व्यवहारातील पहिला दोष होय.

शिवाय खरा तोटा पाच हजारांवर थांबत नाही. अमोनियामुळे प्रत्येक पक्ष्याचे वजन केवळ ५० ग्रॅमने कमी भरले असे समजू. पाच हजार पक्ष्यांमागे २५० किलो वजन बुडाले. औषधांचा खर्च वेगळा, मरतूक वेगळी, आणि घरात दिवसभर राबणाऱ्या गृहिणीच्या डोळ्यांचा व छातीचा हिशेब तर कोणत्याच वहीत मांडला जात नाही.

करारात गादी कोठे आहे?

ब्रॉयलर पक्ष्यांचा धंदा आज मोठ्या प्रमाणावर करार पद्धतीने चालतो. कोइमतूर परिसरात १९९० च्या दशकात ही पद्धत फोफावली आणि पुढे महाराष्ट्रातही रुळली. पिल्ले, खाद्य, औषधे आणि देखरेख कंपनीची. घर, वीज, पाणी, तूस आणि श्रम शेतकऱ्याचे. पक्षी विकले गेले, की जिवंत वजनाच्या दर किलोमागे ठरलेला संगोपनखर्च शेतकऱ्याला मिळतो. खाद्य अधिक लागले किंवा मरतूक वाढली तर त्यात कपात होते. बाजारभाव कोसळण्याची जोखीम कंपनी उचलते, हा या पद्धतीचा मोठा गुण आहे आणि तो मान्य केलाच पाहिजे. ज्या लहान शेतकऱ्याला खाद्याचा एक ट्रकही स्वतःच्या बळावर विकत घेणे शक्य नाही, तो या पद्धतीमुळेच या धंद्यात उभा राहू शकला.

गादीचे खत सर्वसाधारणपणे शेतकऱ्याकडे राहते. पिल्लू त्याचे नाही, खाद्य त्याचे नाही, कोंबडीही त्याची नाही. घराच्या आत त्याच्या निखळ मालकीची अशी वस्तू एकच, पायाखालची गादी. मात्र या मालकीचा अर्थ नीट पाहावा. गादी चांगली राहिली तर त्याचा मुख्य लाभ, म्हणजे खाद्याची बचत आणि सशक्त पक्षी, कंपनीच्या मालाला मिळतो. गादी बिघडली तर कपात शेतकऱ्याच्या रकमेतून होते. गादी कोरडी ठेवण्याचा खर्च एकाचा आणि फायदा दोघांचा, अशी जेथे वाटणी असते तेथे तो खर्च नेहमीच गरजेपेक्षा कमी केला जातो. हा अर्थशास्त्राचा जुना सिद्धान्त आहे. त्यासाठी कोणाच्याही दुष्टपणाची आवश्यकता नसते. पावसाळ्यात तूस दुप्पट लागते, हे शेतकरी व पर्यवेक्षक दोघेही जाणतात. पण मोबदल्याचा दर ठरवताना आषाढ आणि माघ यांत भेद केला जातोच असे नाही.

पुढे खताच्या विक्रीतही हीच कथा. आंबा-काजूचे बागायतदार कोंबडीखत घेतात ते गोणीच्या नाहीतर गाडीच्या मापाने. गोणीत नायट्रोजन किती आणि पाणी किती, हे कोणी पाहत नाही. वजनावर विकले तर ओले खत उलट जड भरते! खोटे नाणे खऱ्या नाण्याला चलनातून हुसकावते, तसे येथे ओले खत कोरड्या खताला हुसकावते. त्यातून ताजे, न कुजलेले खत कलमांच्या मुळांशी पडले तर मुळे भाजतात आणि बागायतदार कोंबडीखतालाच बोल लावतो.

उपाय आहेत, पण कोणी करावयाचे?

गादी राखण्याचे शास्त्र अवघड नाही. गळती थांबवणे, वाऱ्याची वाट मोकळी ठेवणे, गादी रोज हलवणे आणि खपल्या तत्काळ काढून टाकणे, ही त्यातील निम्म्याहून अधिक विद्या होय. काथ्याचा भुसा किंवा लाकडाचा भुसा तुसात मिसळल्यास पाणी अधिक शोषले जाते. सुपरफॉस्फेट मिसळल्यास ते आपल्या आम्लतेने अमोनिया बांधून ठेवते, आणि खतात स्फुरदाची भर पडते ती वेगळीच. चुना टाकण्याची चाल मात्र विचारपूर्वक पाळावी. चुन्याने ओलावा कमी होतो, काही जंतूही मरतात. परंतु तो अल्कधर्मी असल्यामुळे गादीत बांधलेला अमोनिया त्याने मोकळा होतो. दोन बॅचांच्या मधल्या रिकाम्या घरात चुना टाकणे वेगळे आणि पक्षी आत असताना ओल्या गादीवर तो भुरभुरणे वेगळे. काढलेली गादी छपराखाली ढीग घालून कुजवली, तर ढिगाच्या पोटातील तापमान ५५ अंशांच्या वर जाते आणि रोगजंतूंचा मोठा भाग नष्ट होतो.

प्रश्न उरतो तो हे सारे कोणाच्या खर्चाने, हा. २०२० साली राष्ट्रीय हरित लवादाने कुक्कुटपालनगृहांना मिळालेल्या सवलतीचा फेरविचार करण्यास सांगितले. त्यानंतर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सुधारित मार्गदर्शक तत्त्वांनी पाच हजारांहून अधिक पक्षी असलेली घरे नियमनाच्या कक्षेत आणली. हे पाऊल योग्य आहे. शेजाऱ्यांना स्वच्छ हवेचा हक्क आहे आणि लोट्याच्या परिसराला तो वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. परंतु संमतीपत्र घर ज्याच्या नावावर आहे त्याने काढावयाचे आणि घरातील पक्ष्यांचा मालक त्या कागदावर कोठेच नाही, असे झाले तर नियमनाचा सारा भार सर्वांत दुबळ्या खांद्यावर पडेल.

म्हणून तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, करारात गादीचे स्वतंत्र कलम असावे. पावसाळ्यातील बॅचसाठी तुसाचा वाढीव खर्च मोबदल्यात धरावा आणि पर्यवेक्षकाने ठराविक दिवशी गादीचा ओलावा व अमोनिया मोजून त्याची नोंद दोघांच्या सहीने ठेवावी. नोंद नसेल तर गादीच्या कारणावरून कपात नसावी. केंद्र सरकारने २०१८ साली तयार केलेल्या कंत्राटी शेतीच्या आदर्श कायद्याच्या नावातच शेतमालाबरोबर पशुधनाचा उल्लेख आहे. तेव्हा असे कलम घालणे ही काही परकी कल्पना नव्हे.

दुसरी, खताची विक्री कोरड्या वजनावर आणि नायट्रोजनाच्या प्रमाणावर व्हावी. दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ १९७२ पासून या मातीत काम करीत आहे. माती तपासून घेण्याची सवय जशी बागायतदारांना लागली, तशी खत तपासून घेण्याचीही लावता येईल. वाडीतील पाच-सहा घरांनी मिळून एक छप्पर घातले, तर कुजवलेले, तपासलेले खत चार पैसे अधिक घेऊन विकता येईल. २०१९ साली कोलिस्टिन या प्रतिजैविकाचा पशुपक्ष्यांसाठीचा वापर सरकारने बंद केला. अशा औषधांना दाद न देणारे जंतू गादीतून शेतात जाऊ शकतात. त्या दृष्टीनेही कच्चे खत थेट बागेत टाकण्याची चाल मोडलेलीच बरी.

तिसरी, नियमनाची जबाबदारी घराचा मालक आणि पक्ष्यांचा मालक या दोघांवर संयुक्तपणे टाकावी.

यावर असा आक्षेप येईल, की जाचक अटी घातल्यास कंपन्या कोकण सोडून घाटावर जातील. भीती अगदीच निराधार नाही. परंतु जी बॅच शेतकऱ्याच्या हप्त्याला पुरत नाही, ती राहिल्यानेही कोकणाचे फारसे भले होत नाही. शिवाय कोरड्या गादीतून कंपनीचे खाद्य वाचते. तेव्हा या कलमाचा काही खर्च तिला परत मिळणारच आहे.

त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर मी अजून पूर्णपणे दिलेले नाही. एवढेच सांगितले, की घर रिकामे ठेवण्याचा निर्णय घेण्यापूर्वी एक वही कर. तुसावर किती गेले, आठवड्याला ओलावा किती होता, भांडी किती वेळा गळली, खत किती निघाले आणि कोणत्या भावाने गेले, हे त्यात लिही. वडिलांना वास येत नाही. तो वहीला येऊ दे. वर्षभराचे आकडे हाती आले, म्हणजे कंपनीच्या पर्यवेक्षकासमोर आणि बँकेच्या व्यवस्थापकासमोर बसताना तुझ्याजवळ बोलण्यासारखे काही असेल. त्याने वही केली आहे. वाडीतील आणखी दोन घरांनी ती पाहून आपापल्या वह्या सुरू केल्या, असे तो परवा सांगत होता.